प्रौढांचा आयटीपी : स्टिरॉइडनंतर पुढे काय? (नवी औषधं, मात्रा, वेळा आणि नेहमीचे घोळ)

रक्तपेशी

डेंगीच्या धाग्यावर प्लेटलेटची चर्चा भरकटत आयटीपीवर (इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, म्हणजे स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेमुळे प्लेटलेट कमी होण्याचा आजार) गेली आणि तिथेच अर्धवट राहिली, म्हणून हा वेगळा धागा. फक्त प्रौढांपुरता. लहान मुलांचा आयटीपी बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप निवळतो, त्याचं गणित निराळं.

आयटीपीत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेटवर प्रतिपिंडं चिकटवते आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्या प्लेटलेट गिळून टाकतात. बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं. पण याच हल्ल्यामुळे अस्थिमज्जेतलं उत्पादनही गरजेइतकं वाढत नाही. २००८ पासून आलेल्या औषधांतली निम्मी या दुसऱ्या दोषावर काम करतात.

पहिली फेरी स्टिरॉइडची, त्यावर वाद नाही. प्लेटलेटचा काउंट ३० हजारांच्या खाली असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर प्रेडनिसोलोन साधारण १ मिग्रॅ प्रतिकिलो, नाहीतर डेक्सामेथासोन रोज ४० मिग्रॅ, चार दिवस. काउंट ३० हजारांच्या वर आणि रक्तस्राव नाही, तर बहुतेकांना नुसतं लक्ष ठेवून चालतं. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या सूचना सांगतात की प्रेडनिसोलोन, उतरवण्याचा काळ धरून, सहा आठवड्यांत आटपा. प्रत्यक्षात वर्ष-वर्ष १०-२० मिग्रॅवर ठेवलेले पेशंट सर्रास दिसतात. साखर वाढलेली, हाडं ठिसूळ झालेली, आणि इतकं करून काउंट ३५ हजार. हा धागा अशांसाठी.

पुढच्या फळीत तीन औषधं मज्जेला ढोसणारी. रोमिप्लोस्टिम हे आठवड्याचं इंजेक्शन, एल्ट्रोम्बोपॅग ही रोजची गोळी (अमेरिकेत दोन्हींना मंजुरी २००८ मध्ये), आणि अवाट्रोम्बोपॅग ही आणखी एक गोळी (आयटीपीसाठी २०१९). तिन्ही टीपीओच्या (थ्रॉम्बोपोएटिन, प्लेटलेट बनवण्याचा हुकूम देणारं संप्रेरक) रिसेप्टरवर बसतात आणि मेगाकॅरिओसाइट पेशींना प्लेटलेट बनवायला लावतात. फोस्टामॅटिनिब (२०१८) वेगळ्या वाटेचं आहे. प्रतिपिंड लागलेली प्लेटलेट गिळण्याचा निरोप भक्षक पेशीच्या आत ज्या एन्झाइममार्फत जातो, त्या एसवायकेला ते अडवतं. रिल्झाब्रुटिनिब (ऑगस्ट २०२५) बीटीके नावाच्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे गिळणंही कमी होतं आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशीही थंडावतात. बी-पेशी मारणारं रिटुक्सिमॅब जुनं, पण खेळात अजून आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. 'औषध लागू पडलं नाही' असा शेरा फाइलवर पडतो तेव्हा पुष्कळदा औषध हरलेलं नसतं. ते रक्तात पोचलेलं नसतं, मात्रा अपुरी असते किंवा दोन आठवड्यांत धीर सुटलेला असतो. मग पेशंट एकेक औषध 'वापरून झालं' म्हणत प्लीहा काढण्याच्या टेबलापर्यंत पोचतो. म्हणून इथे प्रत्येक औषधाचं देणं-घेणं बारकाईने लिहू या. मात्रा इथे वाचून कोणी परस्पर बदलू नये, हे वेगळं सांगत नाही.

काचपट्टी

औषधांकडे वळण्याआधी लॅबच्या बाजूचं. काउंट खरोखर कमी आहे का, हे आधी ठरवा. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए काही लोकांच्या प्लेटलेटचे गठ्ठे बांधतं. मशीन गठ्ठ्याला एक मोठी पेशी समजतं आणि काउंट २०-२५ हजार छापतं. माणूस ठणठणीत, अंगावर एकही डाग नाही, पण रिपोर्ट भीतीदायक. अशा वेळी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर, बघायचा, विशेषतः कडांना, कारण गठ्ठे तिथे सरकतात. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घ्यायचं. त्या नळीत द्रव आधीच असतो, त्यामुळे येईल तो आकडा १.१ ने गुणायचा. एवढं न करता स्टिरॉइड चालू झालेली माणसं असतात, म्हणून सांगितलं.

उलटा घोळही होतो. आयटीपीत प्लेटलेट आकाराने मोठ्या असतात. साध्या मशीनमध्ये त्यातल्या काही लाल पेशींत मोजल्या जातात आणि काउंट खऱ्यापेक्षा कमी दिसतो. टीपीओ औषधावर असलेल्या पेशंटचा आकडा अचानक विचित्र आला तर मात्रा बदलण्याआधी स्मिअर मागा. आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. दोन लॅबमधल्या १८ हजार आणि २६ हजारांत वैद्यकीय फरक शून्य असू शकतो.

सुरुवातीच्या तपासण्यांत एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, थायरॉइड, एएनए (स्वतःविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी), आणि एच. पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी शौचाची अँटिजेन किंवा श्वासाची तपासणी. पायलोरी सापडला तर तो आधी मारायचा. काहींचा काउंट तेवढ्यानेच वर येतो.

सिस्टर_मालवण

रोमिप्लोस्टिमची पावडर मिसळताना होणाऱ्या चुका लिहिते. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एकच पेशंट येतो, त्यामुळे कुणाचा हात बसलेला नसतो.

मूळ कंपनीच्या २५० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये ०.७२ मिली स्टराइल वॉटर घालायचं. सलाइन नाही, प्रिझर्वेटिव्ह असलेलं पाणीही नाही. तयार द्रावण १ मिलीत ५०० मायक्रोग्रॅम होतं. इथे लोक अडतात : २५० ची व्हायल, ०.७२ मिली पाणी, मग ५०० कसे? उत्तर असं की व्हायलमध्ये मुळात ३७५ मायक्रोग्रॅम भरलेलं असतं, म्हणजे सुईत आणि बाटलीच्या भिंतीला चिकटून जायचं ते जाऊन २५० हाती लागतं. स्वतःच्या हिशोबाने २५० भागिले ०.७२ करून मात्रा काढली तर पेशंटला जास्त औषध जातं. भारतीय बायोसिमिलरमध्ये (मूळ औषधाच्या मिळत्याजुळत्या नकलेत) भरणा आणि पाण्याचं माप निराळं असू शकतं, म्हणून त्या-त्या खोक्यातला कागद उघडून बघायचाच. मागच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचं होतं म्हणून तेच माप चालेल असं नाही.

व्हायल हलवायची नाही. तळहातात धरून अलगद गोल फिरवायची. दोन मिनिटांत विरघळते. जोरात हलवली तर फेस येतो आणि प्रथिन बिघडतं. मिसळलेलं औषध २४ तासांत, प्रकाशापासून लांब ठेवून वापरायचं. उरलेलं फेकायचं.

आता खरा धोका. ६० किलोच्या पेशंटला १ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो म्हणजे ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे फक्त ०.१२ मिली. यासाठी ०.०१ मिलीच्या खुणा असलेली १ मिलीची सिरिंज लागते. ती नसली की हाताशी असते ती इन्सुलिनची. आपल्याकडे लाल टोपीची ४० युनिटवाली आणि केशरी टोपीची १०० युनिटवाली, दोन्ही एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असतात. १०० वाल्या सिरिंजवर १२ खुणा म्हणजे ०.१२ मिली, बरोबर. ४० वाल्या सिरिंजवर त्याच १२ खुणा म्हणजे ०.३० मिली, म्हणजे १५० मायक्रोग्रॅम. अडीच पट! पुढच्या आठवड्यात काउंट पाच लाख निघाला की सगळे म्हणतात, 'काय जबरदस्त रिस्पॉन्स!' केस पेपरवर मायक्रोग्रॅम आणि मिली दोन्ही लिहा. 'युनिट' हा शब्दच लिहू नका.

रक्तपेशी

सिस्टर, हे छापून प्रत्येक डे-केअरच्या भिंतीवर लावावं असं आहे.

रोमिप्लोस्टिमचं पुढचं : दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), काउंट ५० हजारांच्या खाली असेल तर मात्रा १ मायक्रोग्रॅम प्रतिकिलोने वाढवायची, कमाल १०. लागोपाठ दोन आठवडे २ लाखांच्या वर राहिला तर १ ने कमी. ४ लाखांच्या वर गेला तर त्या आठवड्याचा डोस टाळायचा. ही अमेरिकी लेबलची (औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकाची) पद्धत. युरोपात याहून खालच्या आकड्याला थांबतात. कमाल मात्रेवर चार आठवडे देऊनही पुरेसा काउंट नाही, तरच 'लागू नाही' म्हणायचं. लेबलवर सुरुवात १ ने आहे, पण काउंट फारच खाली असेल तर बरेच हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) २-३ ने सुरू करतात.

खर्चाच्या दृष्टीने एक युक्ती. १२५ आणि २५० च्या व्हायल मिळत असतील तर मात्रा व्हायलला जुळवून घेता येते. ६० किलोला २ प्रमाणे १२० मायक्रोग्रॅम लागतं, ते १२५ च्या व्हायलमध्ये बसतं. ३ प्रमाणे १८० झालं की २५० फोडावी लागते आणि ७० वाया जातं. काउंट ठीकठाक असेल तर १८० च्या आग्रहापेक्षा १२० वर आणखी आठवडाभर थांबणं कधीकधी शहाणपणाचं.

गोळीवाला

एल्ट्रोम्बोपॅगवर मी लिहितो, कारण या गोळीचं निम्मं यश केमिस्टच्या काउंटरवर ठरतं.

नेहमीची सुरुवात ५० मिग्रॅ रोज एकदा, कमाल ७५. यकृताचा आजार असेल किंवा पेशंट पूर्व आशियाई वंशाचा असेल (चिनी, जपानी, कोरियन वगैरे) तर २५. 'आशियाई' एवढंच वाचून भारतीय पेशंटला २५ वर ठेवून 'रिस्पॉन्स नाही' म्हणणारे आहेत. लेबलमधला तो मुद्दा भारतीयांना लागू नाही. खर्च वाचवायला किंवा यकृताच्या काळजीने २५ ने सुरुवात करणं वेगळं, पण मग दोन आठवड्यांनी काउंट बघून वाढवायला हवं.

आता पोटातली भानगड. ही गोळी कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, झिंक यांना घट्ट धरून बसते आणि त्यांच्यासकट आतड्यातून निघून जाते. चरबी आणि कॅल्शियम भरपूर असलेल्या न्याहारीबरोबर घेतली तर रक्तात पोचणारं औषध ५९ टक्क्यांनी घटतं, अँटासिडबरोबर ७० टक्क्यांनी. म्हणजे ५० ची गोळी घेऊन पंधरा-वीसचाच फायदा. नियम असा : कॅल्शियमवाल्या कुठल्याही गोष्टीच्या किमान २ तास आधी किंवा ४ तास नंतर, आणि जेवणाच्या १ तास आधी किंवा २ तास नंतर.

हे आपल्या घरात बसवणं अवघड, कारण दिवस दुधाच्या चहाने उघडतो आणि दूध पिऊन मिटतो. १०० मिली दुधात साधारण १२० मिग्रॅ कॅल्शियम, आणि एका वेळी ५० मिग्रॅच्या आत राहायचं असतं. अर्धं दूध घातलेला एक कप चहाही त्या हद्दीबाहेर जातो. जेवणात ताक, दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी. रात्री झोपताना घ्या म्हणावं तर आठच्या जेवणात दहीभात झालेला असतो, म्हणजे रात्री बारापर्यंत जागायचं. सगळ्यात सुटसुटीत वेळ पहाटेची. सहाला नुसत्या पाण्याबरोबर गोळी, आठला चहा-नाश्ता. ज्यांना चहाशिवाय डोळे उघडत नाहीत त्यांनी दुपारचं जेवण एकला ताकाविना घ्यावं, चारला गोळी आणि संध्याकाळचा चहा सहाला ढकलावा.

कॅल्शियमची, लोहाची, मल्टिव्हिटॅमिनची गोळी रात्रीच्या जेवणानंतर. स्टिरॉइडवर असलेल्या प्रत्येकाच्या चिठ्ठीत कॅल्शियम असतंच आणि सगळ्या गोळ्या सकाळच्या एकाच खणात ठेवलेल्या असतात. घोळ तिथेच होतो. छातीत जळजळलं की घेतलं जाणारं पातळ अँटासिड तर कुणी औषधात धरतच नाही. ते मुद्दाम विचारावं लागतं.

रोसुव्हास्टॅटिन चालू असेल तर डॉक्टरांना कळवा. एल्ट्रोम्बोपॅग त्याचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, त्यामुळे ते साधारण निम्मं करावं लागतं.

सावळी

आईला एल्ट्रोम्बोपॅग चालू आहे. सोबत पपईच्या पानांचा रस आणि गुळवेल देण्याचा नातेवाइकांचा आग्रह आहे. पपईने प्लेटलेट वाढतात असं सगळेच म्हणतात. द्यावं का?

रक्तपेशी

सावळीताई, पपईच्या पानांवरचा जो काही अभ्यास आहे तो मुख्यतः डेंगीतला. डेंगीत काउंट तसाही पाच-सात दिवसांत आपसूक वर येतो. आयटीपीत त्याचा भरवसा धरू नका. गुळवेलीला मात्र माझा स्पष्ट नकार. ती प्रतिकारशक्ती चेतवते असा तिचा लौकिक आहे, आणि आयटीपीत चेतलेली प्रतिकारशक्ती हाच आजार आहे. शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या पेशंटांचा अहवाल छापला होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. पण एल्ट्रोम्बोपॅगच्या लेबलवर यकृताबद्दल ठळक चौकटीत इशारा आहे. दोन्ही एकत्र दिलं आणि एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलं, तर दोष कुणाचा हे कळणार नाही आणि चालू पडलेलं औषध बंद करावं लागेल.

एलएफटी (यकृताच्या रक्ततपासण्या) सुरुवातीला, मात्रा बसेपर्यंत दर दोन आठवड्यांनी, नंतर महिन्याला. एएलटी सामान्य मर्यादेच्या तिप्पट होऊन वाढतच राहिलं, चार आठवडे तसंच राहिलं किंवा सोबत बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) चढलं, तर गोळी थांबते. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या, मोतीबिंदूसाठी.

काचपट्टी

इथे लॅबची एक गंमत. एल्ट्रोम्बोपॅग स्वतःच गडद लालसर-तपकिरी रंगाचं आहे. जास्त मात्रेवर सिरम रंगीत दिसतं आणि बिलिरुबिन व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) रंगावरून मोजणाऱ्या काही पद्धती फसतात. डोळे पिवळे पण बिलिरुबिन नॉर्मल, किंवा एएलटी उत्तम आणि क्रिएटिनिन एकाएकी दुप्पट, असं विसंगत काही आलं तर लॅबला औषधाचं नाव सांगून दुसऱ्या पद्धतीने तपासायला सांगा.

लोहाला धरून ठेवण्याच्या त्याच गुणामुळे महिनोन्महिने गोळी घेणाऱ्यांचं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारा आकडा) घसरतं. थकवा आयटीपीचाच म्हणून सोडून देऊ नका.

आकडेमोड

जाहिरातीतल्या टक्क्यांची तुलना करणाऱ्यांसाठी थोडं. एल्ट्रोम्बोपॅगच्या रेझ चाचणीत औषधाने ७९ टक्के विरुद्ध नकली गोळीने २८ टक्के यश दिसतं, फोस्टामॅटिनिबच्या फिट चाचण्यांत १८ विरुद्ध २, रिल्झाब्रुटिनिबच्या लुना-३ मध्ये २३ विरुद्ध ०. यावरून 'एल्ट्रोम्बोपॅग चौपट भारी' असा निष्कर्ष काढू नका, मोजपट्टीच वेगळी आहे. रेझमध्ये सहा महिन्यांत एकदा जरी ठरलेल्या पातळीला पोचलं तरी ते यशात धरलं होतं. फिटमध्ये १४ ते २४ आठवड्यांतल्या सहापैकी किमान चार भेटींत ५० हजारांच्या वर राहावं लागत होतं. लुना-३ मध्ये तर शेवटच्या १२ आठवड्यांतल्या किमान आठ आठवड्यांचा हिशोब, आणि त्यातल्या दोन तृतीयांश वेळा काउंट वर हवा. वर, या नव्या चाचण्यांतले पेशंट आधी तीन-चार औषधं हरलेले. फोस्टामॅटिनिबमध्येही 'एकदा तरी ५० हजार' अशी सैल मोजणी केली की आकडा ४३ टक्के होतो.

रोमिप्लोस्टिमच्या २००८ मधल्या चाचण्यांत टिकाऊ प्रतिसाद प्लीहा काढलेल्यांत ३८ टक्के आणि न काढलेल्यांत ६१ टक्के. मज्जेला ढोसणारी औषधं टक्क्यांत पुढे आहेत हे खरं, पण चौपट वगैरे नाही.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक सावधगिरी. इथे एल्ट्रोम्बोपॅग दोन क्षारांत मिळतं, ओलामाइन आणि कोलीन. कोलीनच्या ३६ मिग्रॅची बरोबरी ओलामाइनच्या ५० शी, ५४ ची ७५ शी. भारतातून येताना आणलेल्या ५० च्या गोळ्या संपल्यावर इथल्या बाटलीवर ३६ बघून 'डॉक्टरांनी कमी केलं' असं समजून दीड गोळी घेऊ नका.

रिल्झाब्रुटिनिब : ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणाशी संबंध नाही. पण पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गटाबरोबर चालत नाही, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की ते नीट विरघळत नाही. फॅमोटिडिन किंवा अँटासिड लागलंच तर त्याच्या किमान दोन तास आधी रिल्झाब्रुटिनिब घ्यायचं. द्राक्षाच्या जातीतलं नव्हे, पपनसासारखं ते ग्रेपफ्रूट मिळतं ते वर्ज्य. क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं), रिफाम्पिसिन (टीबीचं) अशी औषधं सुरू होणार असतील तर आधी विचारायचं. जुलाब, मळमळ, डोकेदुखी ही नेहमीची कुरकुर. कॅन्सरमध्ये वापरतात त्या इब्रुटिनिबमुळे प्लेटलेटचं कामच बिघडून रक्तस्राव होतो, ती अडचण इथे दिसलेली नाही.

गोळीवाला

पँटोप्राझोलचा मुद्दा आपल्याकडे भारी पडणार. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी 'गॅसची गोळी' असतेच आणि पेशंट ती औषधांच्या यादीत सांगतच नाही.

फोस्टामॅटिनिबही सांगून टाकतो. १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. चार आठवड्यांनी काउंट ५० हजारांच्या खाली असेल तर १५० दोनदा. बारा आठवड्यांत फरक नाही तर बंद. रक्तदाब वाढवतं, म्हणून सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी बीपी आणि महिन्याला सीबीसी-एलएफटी. चाचण्यांत जवळपास तिघांतल्या एकाला जुलाब झाले. गोळी जेवणाबरोबर घेतली तर पोट जरा सांभाळतं.

अवाट्रोम्बोपॅग २० मिग्रॅ रोज, जेवणाबरोबर, आणि दूध-दह्याचं पथ्य नाही. चहावाल्यांना वरदानच. कमाल ४० रोज, आणि खाली उतरताना आठवड्यातून तीनदा, दोनदा, एकदा असंही देता येतं. मात्र फ्लुकोनॅझोल चालू असेल तर सुरुवात आठवड्यातून तीनदा २०, आणि रिफाम्पिसिन असेल तर उलट, रोज ४०.

रक्तपेशी

रिफाम्पिसिनचा विषय निघाला ते बरं झालं. स्टिरॉइडवर महिनोन्महिने असलेल्या पेशंटला टीबी होणं आपल्याकडे नवलाचं नाही. रिफाम्पिसिन फोस्टामॅटिनिब आणि रिल्झाब्रुटिनिब दोन्ही निष्प्रभ करतं. आणि अधूनमधून स्वतःच प्लेटलेट पाडतं, तीही प्रतिपिंडांमार्फतच! त्यामुळे टीबीची औषधं सुरू झाल्यावर काउंट कोसळला तर 'आयटीपी बळावला' एवढ्यावर थांबायचं नाही.

रिटुक्सिमॅब : ३७५ मिग्रॅ प्रतिचौरस मीटर, आठवड्याला एक असे चार. काही ठिकाणी १०० मिग्रॅचे चार डोस देतात. भारतात २००७ पासून बायोसिमिलर असल्याने हे आवाक्यात आलं. सुरुवातीला सुमारे ६० टक्क्यांना गुण येतो, पाच वर्षांनी २०-२५ टक्क्यांत टिकलेला असतो. अट एकच आणि ती मोडायची नाही : हेपटायटिस बीची सरफेस अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी दोन्ही तपासा. नुसती सरफेस निगेटिव्ह पुरत नाही. दडलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं. लशी घ्यायच्या असतील तर आधीच, कारण नंतर निदान सहा महिने त्या धड लागत नाहीत.

पैसे नसतील तर डॅप्सोन १०० मिग्रॅ अजून उपयोगी आहे. आधी जी६पीडी (हे एन्झाइम कमी असेल तर लाल पेशी फुटतात) तपासायचं. हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने उतरतं. मेथहिमोग्लोबिनमुळे (प्राणवायू वाहून न नेणारं हिमोग्लोबिन) पल्स ऑक्सिमीटरवर ८८-९० दिसतं आणि माणसाला दम मात्र नसतो, तेव्हा घाबरून ऑक्सिजनला लावण्याआधी डॅप्सोन आठवा. प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट स्टिरॉइडबरोबर सुरुवातीलाच द्यावं का, हे ब्रिटनच्या फ्लाइट चाचणीत (२०२१) तपासलं. उपचार फसण्याचं प्रमाण ४४ वरून २२ टक्क्यांवर आलं, पण पेशंटांचं रोजचं जगणं त्या गटात उलट खालावलेलं निघालं.

मार्गावर असलेल्यांपैकी प्रतिपिंडांचं आयुष्य कमी करणारं एफगार्टिगिमॉड शिरेतून देण्यासाठी जपानने २०२४ मध्ये मंजूर केलं, पण त्याचीच त्वचेखालची चाचणी मुख्य उद्दिष्टात फसली. चीनमध्ये सोव्लेप्लेनिब नावाच्या नव्या एसवायके-रोधकाने ४८ टक्के टिकाऊ प्रतिसाद दाखवला (आकडेमोड, तुमची मोजपट्टी लक्षात आहे). बी-पेशींवरचं आयनालुमॅब महिन्याला एक असे चार डोस एल्ट्रोम्बोपॅगबरोबर देऊन नंतर सगळंच सोडायचं, असा विचार आहे. दिशा मला ती सगळ्यात आवडते.

निशिगंध

पाळीतल्या रक्तस्रावाचं काय? काउंट २५ हजार असताना नवं औषध चढेपर्यंत दोन आठवडे जातात. आणि गरोदरपण?

रक्तपेशी

पाळीसाठी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्ताची गाठ टिकवून ठेवणारं), साधारण १ ग्रॅम दिवसातून तीनदा, पहिले चार-पाच दिवस. सोबत स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने हार्मोन. हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्याच औषधाच्या चुळा. लघवीतून रक्त येत असेल तर मात्र देऊ नका, गाठ होऊन मूत्रमार्ग तुंबतो. तातडीने काउंट हवा असेल, म्हणजे मोठा रक्तस्राव किंवा शस्त्रक्रिया, तर आयव्हीआयजी (शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोब्युलिन) १ ग्रॅम प्रतिकिलो, एक किंवा दोन दिवस. दोन-चार दिवसांत चढतो, दोन-चार आठवड्यांत उतरतो. प्लेटलेटच्या पिशव्या आयटीपीत काही तासांत संपतात. जीवघेण्या रक्तस्रावात त्या द्यायच्याच, पण नुसता आकडा ८ हजार आहे म्हणून रक्तदाते गोळा करत फिरू नका. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नाही, पॅरासिटामॉल चालतं. दंडात-कुल्ल्यात इंजेक्शनही नको.

गरोदरपणात स्टिरॉइड आणि आयव्हीआयजीच. फोस्टामॅटिनिब आणि रिल्झाब्रुटिनिब गर्भाला घातक ठरू शकतात, टीपीओ गटही नेमाने वापरत नाहीत. मूल हवं असेल तर ते औषध निवडतानाच सांगा.

सावळी

आईचा काउंट आता ९० हजारांवर आहे. दीड लाख व्हावा म्हणून गोळी वाढवावी असं भाऊ म्हणतो.

रक्तपेशी

नाही. रिपोर्टवर छापलेला दीड लाख हे आयटीपीत ध्येय नाही. ५० हजारांच्या वर आणि रक्तस्राव नाही, एवढं पुरे. दात काढायला ३० हजार, छोट्या शस्त्रक्रियेला ५० हजार, मोठीला ८० हजार, मेंदूच्या शस्त्रक्रियेला तेवढा १ लाख लागतो. टीपीओ औषधांनी काउंट उंच गेला तर पायाच्या शिरेत, फुप्फुसात गुठळीचा धोका आहे, आणि वय, लठ्ठपणा, आधीची गुठळी, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं यांनी तो वाढतो. एल्ट्रोम्बोपॅगवर काउंट २ लाखांच्या वर गेला की मात्रा २५ मिग्रॅने कमी, ४ लाखांच्या वर गेला की बंद करून आठवड्यातून दोनदा तपासायचं आणि दीड लाखाच्या खाली आल्यावर कमी मात्रेवर पुन्हा सुरू.

काउंट वर-खाली झुलतोय म्हणून दर चार दिवसांनी मात्रा बदलणं ही सगळ्यात महागडी चूक. औषधाचा परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. आज वाढवलेली मात्रा दहाव्या दिवशी दिसते, तोवर घाबरून आणखी वाढवलेली असते. मग काउंट सहा लाख, मग बंद, मग ९ हजार.

आकडेमोड

औषध कायमचं का? तेही लिहा.

रक्तपेशी

प्रतिसाद देणाऱ्यांपैकी साधारण १० ते ३० टक्क्यांना ते सोडता येतं. कोण सुटणार हे आधी ओळखायची खात्रीची तपासणी नाही. निदान सहा महिने काउंट स्थिर, दुसरं कुठलंही आयटीपीचं औषध नाही आणि अचानक घसरण सावरायला जादा औषध लागलेलं नाही, अशा वेळी प्रयत्न करतात. एल्ट्रोम्बोपॅग २५ ने उतरवायचं, प्रत्येक पायरीवर दोन-चार आठवडे थांबायचं, मग दिवसाआड, मग थांबवायचं. रोमिप्लोस्टिम १ मायक्रोग्रॅम प्रतिकिलोने उतरवायचं. ३० हजारांच्या खाली घसरला तर मागची पायरी. बंद केल्यावर चार आठवडे दर आठवड्याला सीबीसी, कारण काहींचा काउंट मूळ पातळीच्याही खाली आपटतो. गोळ्या संपल्या आणि दुकानात मिळाल्या नाहीत म्हणून एकदम थांबणं यापेक्षा फार वाईट. आठवडाभराचा साठा घरी हवा.

एका टीपीओ औषधाने जमलं नाही तर दुसऱ्याने जमू शकतं, कारण रोमिप्लोस्टिम आणि गोळ्या रिसेप्टरवर वेगवेगळ्या जागी बसतात. म्हणून 'टीपीओ फेल' लिहिण्याआधी अदलाबदल करून बघा. प्लीहा काढायची वेळ आलीच तर निदानानंतर किमान वर्षभर थांबून, आणि न्यूमोकॉकस, मेनिन्गोकॉकस, हिब या लशी दोन आठवडे आधी देऊन.

सिस्टर_मालवण

पावसाळ्याचं राहिलं. स्थिर पेशंटचा काउंट तापाबरोबर ८० वरून १५ हजारांवर आला तर मात्रा वाढवण्याआधी एनएस१ (डेंगीची तपासणी), मलेरियाची काच आणि आमच्याकडे लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) बघतो. डेंगी निघाला तर नेहमीच्या 'पाचव्या दिवसानंतर चढेल' या हिशोबावर विसंबता येत नाही. हिमॅटॉलॉजिस्टला त्याच दिवशी फोन. औषधांची यादी, शेवटच्या डोसची तारीख आणि मागचे तीन काउंट एका कागदावर लिहून पेशंटच्या पाकिटात ठेवायला सांगतो, कारण रात्री दोनला येणाऱ्या माणसाला आपण कुठली गोळी घेतो हे आठवत नाही आणि ड्यूटीवरचा डॉक्टर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन भरून तयार असतो.